पाचशे पावलांचं शहर

मैत्रिणींनो, एक खरं सांगा. रस्त्यानं जाताना तुमचे 'हे' तुमच्या बरोबरीनं चालतात का? आमचे कधीच चालले नाहीत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गणपतीच्या देवळात निघालो, तेव्हा ते जे चार पावलं पुढं गेले, ते तेहेतीस वर्षं पुढंच राहिले. मी आपली मागून. हातात पिशवी, कडेवर कधी लेक, आणि नजर त्यांच्या पाठीवर. त्यात रागावण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंही नाही. आमच्या सांगलीच्या गल्लीतल्या साऱ्याच बायका तशा चालतात.

म्हणून गेल्या दिवाळीआधी मंडईत जाताना मी एकदम त्यांच्या बरोबरीला आले, तेव्हा मला वाटलं, आज मीच भरभर चालतेय. थोडं पुढं गेलो तर हे थांबले आणि भिंतीवरचा निवडणुकीचा जुना फलक वाचू लागले. निवडणूक होऊन किती महिने झाले होते! आणखी थोडं पुढं शिंप्याच्या दुकानापाशी थांबले. तिथं तर वाचायलाही काही नव्हतं. एक हात खांबावर होता आणि दुसरा हळूच गुडघ्यावर गेला होता. मी भाजीचा भाव विचारायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. आपण पाहिलं, हे त्यांना कळू नये असं वाटलं.

आता दुसरी गोष्ट सांगते, म्हणजे दोन्हींचा मेळ बसेल. आमची एकुलती एक लेक परिचारिका आहे. चार वर्षांपूर्वी तिनं माल्टा नावाच्या देशात नोकरी धरली. भूमध्य समुद्रात, इटलीच्या सिसिली बेटाखाली, टिकलीएवढा देश. मुख्य बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम सत्तावीस किलोमीटर. तिच्यासारख्या पुष्कळ मुली आपल्या देशातून तिथं गेल्या आहेत. पण 'एवढ्या लांब, एकटीनं?' म्हणून ह्यांचा विरोध होता. ती निघाली त्या दिवशी ते स्टेशनवर आले नाहीत. पुढं फोनवर बोलत, पण 'जेवलीस का, पैसे पुरतात का' याच्या पलीकडं गाडी जात नसे. तू राहतेस ते गाव कसं आहे, हे चार वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

लेकीनं बोलावणं धाडलं, "एप्रिलमध्ये दोघंही या. राजधानी व्हॅलेटा इतकी लहान आहे की सगळं पायी पायी बघून होतं." हे म्हणाले, "तू जा. मला काय करायचंय तिथं?" झालं! मी समजले, अजून राग गेलेला नाही. लेकीनंही तेच समजून फोन ठेवला.

मंडईच्या त्या दिवसानंतर मात्र माझ्या मनात आलं, अडलंय ते 'पायी पायी' या शब्दांवर तर नसेल?

विचारायचं कसं? 'तुम्हाला किती चालवतं?' हा प्रश्न साधा दिसतो, पण ज्या माणसानं जन्मभर पुढं चालण्यात मान मानला, त्याला तो विचारून बघा! मी विचारला नाही. रोज संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून त्यांच्यासोबत बाहेर पडू लागले आणि मनात पावलं मोजू लागले. आठवड्याभरात हिशेब लागला. पाचशे पावलं झाली की हे काहीतरी वाचायला थांबतात.

पाचशे पावलं म्हणजे साधारण तीनशे मीटर. मी किराण्याची वही उलटी केली आणि मागच्या पानापासून व्हॅलेटा मांडायला बसले. लेकीकडून नकाशा मागवला, ती सुट्टीच्या दिवशी स्वतः चालून फोनवर अंतरं सांगू लागली. तिला मी कारण सांगितलं नाही, 'माझे पाय दुखतात' एवढंच म्हणाले.

नकाशावर हे शहर जिभेसारखं दिसतं. बेटाच्या काठानं समुद्रात शिरलेली जमिनीची जीभ, सुमारे एक किलोमीटर लांब आणि सहाशे मीटर रुंद. एका अंगाला मोठं बंदर, त्याला ग्रँड हार्बर म्हणतात, आणि दुसऱ्या अंगाला मार्सामशेट नावाचं दुसरं बंदर. 1565 साली तुर्कांनी बेटाला वेढा घातला होता. तो उठल्यावर सेंट जॉनच्या सरदारांनी दुसऱ्याच वर्षी, 1566 मध्ये, उघड्या टेकडीवर हे शहर वसवायला घेतलं. त्यांच्या प्रमुखाचं नाव व्हॅलेट, म्हणून शहर व्हॅलेटा. आपल्या सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं 1664 साली. त्याच्या आधी शंभर वर्षं दुसऱ्या समुद्रात माणसं हेच करत होती, पाण्यात भिंती उभारून निजायला निर्धास्त जागा शोधत होती.

मी हे मोठ्यानं वाचत होते बरं का! ह्यांना इतिहासाची फार आवड. पेपर तोंडापुढं होता, पण पान उलटत नव्हतं.

वहीतली पहिली अडचण अशी. लेक राहते खाडीपलीकडं, स्लीमाला. तिथून व्हॅलेटाला छोटी बोट जाते आणि काही मिनिटांत पोचवते. कुणालाही मोह व्हावा. पण बोट लावते ती टेकडीच्या पायथ्याशी, आणि वर शहरात यायचं ते उभ्या चढाच्या, पायऱ्यांच्या रस्त्यानं. बस खाडीला वळसा घालून उशिरा पोचते खरी, पण उतरवते ती शहराच्या वेशीबाहेर, मोठ्या कारंज्यापाशी, सपाट जागेवर. तेव्हा बोटीवर काट मारली आणि बस लिहिली.

दुसरी अडचण रस्त्यांची. शहर टेकडीच्या पाठीवर आहे. लांबीनं जाणारे रस्ते त्यातल्या त्यात सोपे, आणि आडवे रस्ते दोन्ही बंदरांकडं घसरत जाणारे. पुष्कळ ठिकाणी तर रस्ता म्हणजे नुसत्या पायऱ्या. बायरन या इंग्रज कवीनंही या पायऱ्यांच्या नावानं बोटं मोडली होती म्हणे. तेव्हा नियम केला, लांबीनं चालायचं, आडवं शिरायचं नाही. वेशीपासून रिपब्लिक स्ट्रीटनं सेंट जॉनचं कॅथीड्रल तीन-साडेतीनशे मीटर. म्हणजे आमचा एक टप्पा. पुढं लगेच एक चौक, तिथं कॅफेच्या खुर्च्या. चहा सांगितला की बसायचा हक्क. वेशीपासून उजव्या हाताला, साधारण तेवढ्याच अंतरावर, अप्पर बराक्का नावाची बाग. तिथं बाकं आहेत, सावली आहे, समोर सारं बंदर आहे आणि पैसे पडत नाहीत. रोज दुपारी बारा वाजता आणि चार वाजता खालच्या बुरुजावरून तोफ डागतात.

या बागेतून खाली बंदरावर जायला लिफ्ट आहे, 2012 साली झालेली, अठ्ठावन्न मीटर उंचीची. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, 'खाली उतरताना पायऱ्यांनी, सावकाश. वर चढताना लिफ्ट.' लिहिलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी दुधाचा हिशेब लिहायला वही उघडली तर त्या ओळीवर निळ्या पेनानं काट. खाली ह्यांचं अक्षर : 'उलट लिहिलंस. चढ चालेल. पायऱ्या उतरताना त्रास होतो. आणि कॅथीड्रलमध्ये बसायला मिळतं का, ते विचार.'

मैत्रिणींनो, त्या तीन-चार वाक्यांवर मी किती वेळ बघत बसले सांगू! तेहेतीस वर्षांत ह्यांनी 'मला त्रास होतो' असं म्हटलेलं मला आठवत नाही. तोंडानं म्हणालेच नाहीत, वहीत लिहिलं. आणि काट मारणारा माणूस येणार नसता, तर त्यानं काट तरी कशाला मारली असती?

मीही काही बोलले नाही. वहीत खाली लिहिलं, 'विचारते.' मग रात्री लेकीला मात्र खरं कारण सांगितलं. ती पलीकडं एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आई, मी परिचारिका असून मला कळलं नाही गं. मला वाटलं, बाबा माझ्यावर रागावलेत."

तुमच्यापैकी कुणाला असा प्रवास करायचा असेल, तर वहीतल्या चार गोष्टी सांगून ठेवते. माल्टाला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि अगदी उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण तेवढं लांबवू नका. प्रवासाचा आरोग्य विमा किमान तीस हजार युरोंचा हवा. जुनं दुखणं असेल तर विम्याच्या कागदावर ते लपवू नका, आणि डॉक्टरांची चिठ्ठी व गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. विजेचे खटके तिकडं चौकोनी तीन पिनांचे, म्हणून मोबाईलच्या चार्जरसाठी इथूनच जोडपिन घ्या. इंग्रजी सगळीकडं चालतं. त्यांची माल्टी भाषा अरबीच्या कुळातली, पण लिपी रोमन. पुस्तकाला 'क्तीब' आणि जगाला 'दिन्या' म्हणतात. आपली किताब आणि दुनियाच की!

खाण्याचं म्हणाल, तर तूप, पेढे, खवा यातलं काही नेता येत नाही. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजी फळं, भाज्या, कढीलिंबसुद्धा प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. एप्रिल महिना आणि लेकीला हापूस नाही, म्हणून ह्यांचा जीव फार हळहळला. मी मेतकूट, गोडा मसाला आणि चकल्या नेल्या. तिकडं 'पास्तीत्सी' नावाचा खुसखुशीत पुडा मिळतो, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण. शाकाहारी असाल तर पिठात प्राण्याची चरबी घातली आहे का, ते विचारून घ्या. पायात रबरी तळव्याचे बूट घाला. रस्त्याचा दगड झिजून गुळगुळीत झालेला आहे आणि पावसात फार घसरतो. टोकदार टाचांचे बूट तर कॅथीड्रलमध्ये चालतच नाहीत, कारण तिथली जमीन म्हणजे सरदारांच्या जवळजवळ चारशे थडग्यांवरच्या संगमरवरी शिळा आहेत. खांदे झाकलेले हवेत. पदर घेतला की काम झालं. रविवारी ते पर्यटकांना बंद असतं.

हो, आणि तिथं बसायला मिळतं. कारावाज्जो या चित्रकारानं 1608 साली काढलेलं, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र तिथं आहे. ह्यांनी ते उभं राहून पाहिलं, मग बसून पाहिलं, आणि बसून जास्त पाहिलं.

आम्ही एका दिवसात दोनच ठिकाणं केली. तीन देश आठ दिवसांत दाखवणाऱ्या सहलीवाल्यांना हसू येईल. पहिल्या दिवशी बस, वेस, पाचशे पावलं, बाग. बारा वाजता तोफ उडाली तेव्हा मी दचकून ह्यांचा हात धरला आणि मग सोडायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टनं खाली उतरलो, बोटीनं पलीकडच्या जुन्या गावांकडं गेलो आणि परत आलो. निळ्या पेनाची सूचना तंतोतंत पाळली.

तिसऱ्या दिवशी लेक रात्रपाळी करून थेट वेशीपाशी आली. डोळे तांबारलेले, हातात पास्तीत्सीचा पुडा. आम्ही तिघं कारंज्याजवळ टेकलो. हे बराच वेळ बसची ये-जा बघत होते. मग म्हणाले, "तू कामाला जातेस ती बस कुठली? कुठनं कुठं जातेस, दाखव बघू."

ती सांगत सुटली. थांबे, वळणं, थंडीतल्या पहाटेचा वारा, बसमध्ये रोज भेटणारी एक म्हातारी. चार वर्षांचं सगळं. मग आम्ही उठलो आणि चालू लागलो. मध्ये हे, एका बाजूला ती, एका बाजूला मी. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या प्रवासाची वही काढाल, तेव्हा बघायच्या ठिकाणांची यादी दुसऱ्या पानावर लिहा. पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाला किती चालवतं ते लिहा, तुम्हाला स्वतःलासुद्धा. आणि वही उघडी ठेवून झोपा. तोंडानं न बोलणारी माणसं कधीकधी लिहून जातात.