काहीतरी चांगलं द्या

वाचनालयाच्या काउंटरवर ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्या माणसाच्या हातात आपल्याकडे बहुधा ‘मृत्युंजय’ पडतं. ते झालं असेल तर ‘स्वामी’, तेही झालं असेल तर ‘ययाति’. यात ग्रंथपालांचा काही दोष नाही. समोरचा काय जेवून आलाय हे ठाऊक नसलं की माणूस सगळ्यांना पचेल तेच वाढतो. तिन्ही पुस्तकं चांगलीच आहेत. पण ‘ययाति’ १९५९ चं, ‘स्वामी’ १९६२ चं आणि ‘मृत्युंजय’ १९६७ चं. त्या आठ वर्षांच्या अलीकडे-पलीकडे मराठीत कुणी लेखणी उचललीच नाही की काय, असं एखाद्या नव्या सभासदाला वाटायचं.

आमचं वाचनालय सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर आहे. २०१९ च्या महापुरात ते अंतर फारच कमी पडलं. खालच्या फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटली, कपाटांची दारं उघडेनात. पाणी ओसरल्यावर दाखल नोंदवही घेऊन बसलेल्या आमच्या ग्रंथपालबाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. गेलेल्या पुस्तकांपैकी बरीचशी अशी होती, की ती गेली म्हणून हळहळणारा एकही सभासद नव्हता. मुळात ती आपल्याकडे आहेत हेच कुणाला माहीत नव्हतं. त्यातून कट्टा निघाला. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वर्तमानपत्रांची टेबलं जोडायची, महिन्यात जे वाचलं ते ज्यानं-त्यानं सांगायचं आणि उठताना पुढच्या महिन्यासाठी एक पुस्तक नावावर टाकून न्यायचं. चहा वाचनालयाचा, बिस्किटं आळीपाळीनं.

सुरुवातीच्या बैठका रटाळ झाल्या. पुस्तकाबद्दल बोला म्हटलं की माणसं वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिल्यासारखी बोलतात. भाषा ओघवती, व्यक्तिरेखा जिवंत, शेवट अंतर्मुख करणारा. वाचायलाच हवं, अप्रतिम, संग्रही असावं. ही विशेषणं कुठल्याही पुस्तकाला लावा, कुठेच अडत नाहीत आणि म्हणूनच त्यांचा काही उपयोग नाही. दुसरा प्रकार म्हणजे सबंध गोष्ट सांगणारे. एका निवृत्त काकांनी एक रहस्यकथा खुन्यासकट सांगून टाकली आणि वर ‘तरीही वाचा, मजा येईल’ असं बजावलं. ते पुस्तक आजतागायत कुणी नेलेलं नाही.

कट्ट्याला वळण लावलं ते औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका पोरानं. तो पहिल्यांदा आला तो दुकानातला डबा हातात घेऊनच. कुणीतरी एका जाडजूड कादंबरीचं कौतुक करत होतं. ते संपल्यावर हा म्हणाला, “सर, पुढं काय होतं ते नका सांगू. पहिली किती पानं सोसायची, तेवढं सांगा.” सगळे हसले, पण प्रश्न अगदी रास्त होता. दिवसभर उभं राहून रात्री साडेदहाला घरी जाणाऱ्या माणसाला पुस्तक कधी पकड घेतं हे कळायलाच हवं. तेव्हापासून आमच्याकडे रिवाज पडला. पुस्तकाचं नाव, लेखक आणि ‘धरायची पानं’. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ पहिल्याच पानात धरतं. त्यांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड वाचताना हसावं की रडावं कळत नाही, आणि बाई मात्र शांतपणे सांगत असतात. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ कुठूनही सुरू करता येतं. बहुतेक लेख एकेका पात्रावरचे, त्यामुळे मी लोकांना गांधारीपासून सुरू करायला सांगते. ‘कोसला’वरून मात्र भांडण झालं. कुणी म्हणालं पहिली ओळ, कुणी म्हणालं शेवटपर्यंत नाही. दोन्ही मतं नोंदवहीत लिहून ठेवली आहेत.

त्या पोरानं पहिल्या दिवशी नेलेलं पुस्तक मी सुचवलेलं होतं, आणि ते माझ्या हाती लागलं होतं एका चिठ्ठीमुळे. वाचनालयाच्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. नवं काही सुचेनासं झालं की मी कपाटापाशी उभी राहून नुसत्या चिठ्ठ्या बघते. दाटीवाटीनं शिक्के असलेलं पुस्तक मला कुणीही सुचवेल. वर्षानुवर्षं शिक्काच नसलेलं सुचवायला कोणी नाही. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’च्या चिठ्ठीवर वर दोनतीन जांभळे शिक्के होते आणि खाली नुसता पिवळा पडलेला कागद. कादंबरी १९३९ ची. युरोपातून निघालेली बोट, त्यावर हिंदुस्थानात परतणारा मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी. लेखकाला पुढचं महायुद्ध ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे प्रत्येक पान वाचताना छातीवर दडपण येतं. मी कट्ट्यावर एवढंच सांगितलं आणि पातळ आहे असं जोडलं. तो म्हणाला, पातळ आहे ना, मग द्या. पुढच्या महिन्यात येऊन त्यानं बेडेकरांचं दुसरं काही आहे का विचारलं आणि त्यांचं आत्मचरित्र ‘एक झाड आणि दोन पक्षी’ घेऊन गेला. ते काही पातळ नाही.

‘शंभर वाचनीय पुस्तकं’ छापाच्या ज्या याद्या फोनवर फिरत असतात, त्यांतून माझ्या हाती कधी एकही पुस्तक आलेलं नाही. यादीला वास नसतो. ‘ललित’ मासिकाचं तसं नाही. १९६४ पासून ते निव्वळ पुस्तकांविषयी बोलत आलंय, आणि त्यातली चोखंदळ वाचकांची निवड मी अजून पेन्सिल घेऊन वाचते. तिथे कोणी काय निवडलं त्यापेक्षा कोणी निवडलं हे आधी बघायचं. एकदा दोन-चार नावांची आवड आपल्या आवडीशी जुळते असं कळलं की काम सोपं होतं. दिवाळी अंकांचाही हाच उपयोग. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत एकरकमी पैसे भरले की उन्हाळ्यापर्यंत अंक फिरत राहतात. एखाद्या अंकातली कथा डोक्यात बसली की लेखकाचं नाव मागच्या पानावर टिपून ठेवायचं. वर्ष-दोन वर्षांत त्याचा संग्रह येतोच.

पण कट्ट्यावरची जी एक संध्याकाळ मला सगळ्यांत जवळची वाटते, ती ‘रिंगाण’ची. कृष्णात खोत यांच्या या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून वाचनालयानं ती मागवली होती. धरणासाठी उठवलेलं गाव, मागे रानात राहून गेलेली म्हैस आणि तिला परत आणायला गेलेला माणूस एवढाच ऐवज. आमच्यातल्या एका बँकेतल्या बाईंनी ती वाचून आणली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की भाषेमुळे आपल्याला चाळीस पानं अडायला झालं. मग म्हणाल्या, “एक गोष्ट मात्र पटली नाही. जनावर इतकं कशाला अडेल? दोर बांधला की येईल की.”

कोपऱ्यात एक गृहस्थ बसायचे. कधी बोलायचे नाहीत, बिस्किटही घ्यायचे नाहीत. त्यांचं गाव वारणेवरच्या चांदोली धरणात गेलेलं. लहानपणीच वसाहतीत आलेले. ते म्हणाले, “म्हस तशी येत न्हाई, ताई. तिला गाव कळतं, पुनर्वसन कळत न्हाई.” आणि मग त्यांनी सांगितलं. वसाहतीत आल्यावर त्यांची म्हैस रात्री दावं तोडून निघाली. वडील बॅटरी घेऊन मागनं. सकाळी ती जुन्या वाटेवरच्या एका गावात ओढ्याला उभी सापडली, तोंड वरच्या अंगाला करून. वडिलांनी तिला ओढून आणली नाही. तिथंच ओढ्याकाठी बसून राहिले, दुपारपर्यंत. घरी आल्यावर आईनं विचारलं एवढा वेळ का लागला, तर म्हणाले, तिची समजूत काढत होतो. पुढं दूध तुटलं आणि ती विकली.

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तरी आमच्यातले इंग्रजीचे निवृत्त सर बोललेच, आणि बरं झालं बोलले. माणूस आणि जनावर यांची अशी झुंज म्हणजे हेमिंग्वेचा म्हातारा आणि त्याचा मासा, असं त्यांनी मांडलं. पु. ल. देशपांड्यांनी त्या कादंबरिकेचा ‘एका कोळियाने’ हा अनुवाद केलाय; सरांनी तो तिथल्या तिथे कपाटातून काढून त्या गृहस्थांच्या हातात ठेवला. पुढच्या महिन्यात मी मुद्दाम लवकर जाऊन बसले. त्यांना काय वाटलं हे मला ऐकायचं होतं.

त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. “सर, पुस्तक चांगलं हाय. म्हातारा जिद्दीचा. पण ह्यो त्यातला न्हाई.” का, असं सरांनी विचारलं. “त्या कोळ्याला कुणी उठवलं न्हाई. तो आपल्या पायानं दर्यात गेला. मासा न्हाई घावला तरी परत यायला त्याची खोप हाय की.” सरांनी क्षणभर विचार केला आणि “मान्य” म्हणाले. विद्यापीठातल्या चर्चासत्रात या दोन पुस्तकांची तुलना झाली असती तर प्रतीकं, अस्तित्व, निसर्ग असं बरंच काही निघालं असतं. परतायला घर आहे की नाही, हा मुद्दा निघाला असता याची मला खात्री नाही.

त्या दिवशी मी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ नावावर टाकली. १९९१ ची ही कादंबरी धरणग्रस्तांवरच आहे, तिलाही साहित्य अकादमी मिळालेलं, आणि आमच्या कपाटात ती असतानाही मी कायम जाडी बघून पुढे सरकत आले होते. ‘रिंगाण’ एका माणसाला धरून राहते. ‘झाडाझडती’ सरकारी कागद, मोजणी, वाटप, दलाल, नेते, सगळं उकरते. आधी पातळ वाचून मग जाड वाचावी, असं माझं मत. उलट केलंत तर माहिती भरपूर मिळेल, पण म्हशीकडे लक्ष जाणार नाही. त्या गृहस्थांनी ती फार पूर्वी वाचलेली होती. “त्यातलं समदं खरं हाय,” एवढंच म्हणाले, आणि स्वतःसाठी माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ घेऊन गेले, कारण त्यात वानरं आहेत असं कुणीतरी सांगितलं.

आता आमच्याकडे सगळ्यांत मोठी रांग आहे ती गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’साठी. ती लागली बँकेतल्या बाईंमुळे. त्या सांगायला उभ्या राहिल्या आणि इतकंच म्हणाल्या: वरसईचा एक गरीब भिक्षुक, कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल म्हणून यज्ञासाठी उत्तरेत निघतो, आणि ते साल असतं १८५७. झाशीच्या वेढ्यात तो शहराच्या आत अडकतो. मिळवलेलं सगळं वाटेत लुटलं जातं. पण गंगेच्या पाण्याची कावड तेवढी तो कोकणापर्यंत आणतो आणि आईवडिलांना त्या पाण्यानं आंघोळ घालतो. एवढं सांगून बाई खाली बसल्या. विशेषण एकही वापरलं नाही. नावं नोंदवायला लोक चहा टाकून उठले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती कट्ट्यावर सरांनीही सांगितली. भटजींकडून हे लिहवून घेतलं चिंतामणराव वैद्यांनी, आणि त्यांनीच ते १९०७ मध्ये छापलं. पण इंग्रजी राज्याच्या धास्तीनं त्यात बरीच काटछाट केली, भाषाही फिरवली. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून पुस्तक पुन्हा काढलं. म्हणून पुस्तक सुचवताना आवृत्तीही सांगत जा. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत नुसतं नाव सांगणं अर्धवट असतं. दोन माणसं एकाच नावाची दोन वेगळी पुस्तकं वाचून भांडत बसतात.

आमच्या वाचनालयात ‘माझा प्रवास’च्या दोन प्रती होत्या. एक महापुरात गेली, उरलेली एक हातोहात फिरून खिळखिळी झाली आहे आणि तिच्यासाठी पुढच्या दिवाळीपर्यंतची नावं लागली आहेत. तेव्हा कुणाच्या घरी या पुस्तकाची जादा प्रत धूळ खात पडली असेल तर ती आपल्या जवळच्या वाचनालयात नेऊन द्या. देताना आतल्या पानावर, तुम्हाला ते कितव्या पानाला धरलं तेवढं लिहा. पेन्सिलीनं लिहा, पेननं नको; आमच्या ग्रंथपालबाई रागावतात.