हिंजवडीची सकाळ : खोड, कातळ आणि आपण

मुलाच्या वा मुलीच्या नोकरीनिमित्त उतारवयात हिंजवडीला राहायला आलेल्या वाचकहो, बाराव्या मजल्यावरच्या खिडकीतून काचेच्या इमारती दिसतात आणि ‘इथे आपले असे काय आहे?’ हा प्रश्न मनात घर करतो. त्याचे उत्तर शोधायला सकाळी खाली उतरा. सोबत मोबाइल असू द्या.

कंपन्यांच्या बसगाड्यांची वर्दळ वाढण्यापूर्वी, ऊन तिरपे असतानाच निघा. तिरप्या उन्हात खोडावरची प्रत्येक भेग सावली धरते. दुपारी तेच खोड सपाट दिसते. आयटी पार्कच्या आधीचे, ग्रामदैवत म्हातोबाच्या बगाडाचे हिंजवडी जुन्या झाडांच्या रूपाने अजून भेटते. वडाच्या पारंब्यांचा पीळ पाहा. उंबराची फळे थेट खोडाला लगडतात, ती टिपा. गळलेले पिंपळपान उजेडासमोर धरा. शिरांची जाळी उमटेल. सालीवर करडे-हिरवट ठिपके दिसले, तर ते बहुधा शैवाकाचे असतील. गोड्या मसाल्यातले दगडफूल त्याच कुळातले. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार. वाटेतला काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यावरची बारीक छिद्रे म्हणजे तेव्हा अडकलेल्या वायूचे बुडबुडे. त्याच्यापुढे आपली सत्तरी ती काय!

मात्र चालताना मोबाइलच्या पडद्याकडे पाहू नका. आधी थांबा, पाय स्थिर करा, मगच मोबाइल काढा. तो दोन्ही हातांनी धरून कोपरे अंगाशी टेकवा, म्हणजे हात कापत असला तरी चित्र कमी हलेल. वाकावे लागेल असे काही टिपण्यापेक्षा डोळ्यांच्या उंचीवरचे निवडा. तोल जात असेल, तर सोबतीला कोणी असू द्या.

आणि घरातल्या काळजीवाहकांनो, संध्याकाळी ती छायाचित्रे त्यांच्याजवळ बसून पाहा. विस्मरण होत असेल, तर ‘हे कोणते झाड, सांगा बरे’ अशी परीक्षा घेऊ नका. ‘किती सुंदर साल आहे ही!’ एवढेच म्हणा आणि थांबा. कदाचित परसातल्या उंबराची गोष्ट निघेल, कदाचित नुसतेच हसू. त्यांना आवडलेले एक छायाचित्र छापून उशाशी ठेवा. उद्या सकाळी चपला घालायला तेवढे निमित्त पुरते.