बाबांचा श्वास आणि आमचा टेंट

पावसाळी वीकेंडला कर्जतला टेंट ठोकायचा प्लॅन ठरला, की ग्रुपमध्ये पहिला प्रश्न 'चार्जिंगचं काय?' माझ्यासाठी तो प्रश्न जरा सीरियस आहे. आई-बाबा खालापुरात राहतात. बाबांना दमा, नेब्युलायझर लागतो. आणि वारा सुटला की लाइट गेलीच! गंमत बघा, याच तालुक्यातल्या खोपोलीहून १९१५ पासून मुंबईला वीज जातेय.

म्हणून पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्यायचं ठरवलं. मित्रांचा सल्ला एकच, 'हजार वॉटचं घे, बिनधास्त!' अरे, पण वॉट म्हणजे एका वेळी किती लोड उचलणार तो आकडा. टिकणार किती, ते वॉट-अवर सांगतात. ५०० वॉट-अवरच्या डब्यातून घट जाऊन सव्वाचारशे हाती लागतात. नेब्युलायझर दीडशे वॉटचा धरला तरी चालतो पंधरा मिनिटं. म्हणजे खर्च चाळीसच्या आत. उरलेल्यात तीस वॉटचा बीएलडीसी पंखा आणि राउटर रात्रभर चालतात. किटली मात्र विसरा.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली. जड असते, पण हजारो वेळा चार्ज होते. आउटपुट प्युअर साइन वेव्ह आहे ना, हे दुकानदाराला दोनदा विचारलं. बाबांच्या मशीनचा प्रश्न होता.

टेंटपर्यंत तो डबा गाडीतूनच जातो. गड चढताना साधी पॉवर बँक पुरते. आणि बाबांनी फोनवर 'यंदा ढग लवकर आलेत' म्हटलं, की डबा खालापुरातच राहतो, ग्रुपने कितीही शिव्या घातल्या तरी.

सोलर पॅनल घेतलं नाही. जुलैत कर्जतला ऊन कुठलं?