एक घोट, एक शब्द

परवा भालकीच्या आमच्या घरी रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी, पिठले आणि मुलाने आणलेली नाशिकची रेड वाईन होती. पहिला घोट घेताच नोकरदार मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, ही ओगरु आहे!’’

शब्द अचूक, पण कन्नड. तो शाळेने दिला. ‘तुरट’ मात्र मी दिला नव्हता. द्राक्षाच्या सालीतील व बियांतील टॅनिनमुळे जीभ आवळते. जांभूळ, सुपारी यांचीही तीच चव.

१९५६ साली बीदर म्हैसूर राज्यात गेले, हे आपण सतत सांगतो. पण घरच्या ताटावरून शब्द गेला, त्याचा दोष कोणत्या आयोगाला द्यावा?

‘‘तुरट,’’ मी म्हणालो. त्याने घोट घेत तो शब्द उच्चारला.

सीमाबांधवहो, दोन्ही शब्द त्याच्या जिभेवर नांदोत. आपला मात्र आपणच द्यायचा आहे.