खुर्दाद महिना आणि तीस वर्षांची चूक

हैदराबादच्या हिमायतनगरात राहणाऱ्या आम्हा मराठी भाषकांना पत्ता सांगताना नेहमी एक खुलासा करावा लागतो: हे नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर नव्हे. १९५६ साली भाषावार रचना होईपर्यंत दोन्ही ठिकाणे एकाच राज्यात होती. त्या राज्याची कालगणना दोन्हीकडच्या जुन्या कागदांत अद्याप शिल्लक आहे आणि तिनेच अलीकडे आमच्या घरच्या संगणकाला चकवले.

नांदेडकडील एका आप्ताने जुन्या कागदांच्या नकला यादी करण्यासाठी पाठवल्या होत्या. घरातल्या मुलाने तारखा ओळखून त्या इंग्रजी तारखांत बदलणारी आज्ञावली लिहिली. देवनागरी अंकांचा प्रश्न सहज सुटला. पायथनला ‘१३५०’ ही संख्या कळते, जावास्क्रिप्टला ती संख्याच वाटत नाही. ‘ऑगस्ट’ने मात्र थोडे रडवले. त्यातील ‘ऑ’ एकसंध टंकता येतो, तसाच ‘अ’ला चिन्ह जोडूनही, डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला निराळे.

खरी गफलत पुढे झाली. आप्ताच्या आजोबांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदवहीच्या नकलेवर ‘१५ खुर्दाद १३५०’ अशी तारीख होती. आज्ञावलीने निमूटपणे उत्तर दिले: ५ जून १९७१. आजोबा त्या वर्षी नातवंडे खेळवत होते!

कारण उघड होते. तयार संगणकीय संग्रहांना खुर्दाद ठाऊक आहे, पण तो इराणचा. तेथील वर्ष मार्चमध्ये फरवर्दीनपासून सुरू होते. निजामी फसलीत नावे तीच, परंतु वर्षाचा आरंभ ऑक्टोबरमध्ये आजूर महिन्याने होई. म्हणून तेथील खुर्दाद एप्रिलच्या सुमारास येतो. फसली सालात डिसेंबरअखेरपर्यंत ५९० आणि त्यापुढे ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे ही नोंद एप्रिल १९४१ची.

जातीच्या रकान्यात ‘कुणबी’ लिहिलेले होते. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. १९७१ची तारीख यादीत तशीच गेली असती, तर अस्सल कागद असूनही तो कालबाह्य ठरला असता, आणि यंत्राने चूक दाखवलीच नसल्याने कोणी मूळ नक्कल उघडूनही पाहिली नसती.

आमचे गाऱ्हाणे यंत्रापेक्षा आपल्याच लोकांवर अधिक आहे. आजूर, बहमन, तीर, आबान हे शब्द मराठवाड्यातील कागदांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाक्यांत नांदले. लेखनिकांनी त्यांना ‘माहे’ लावून आपलेसे केले. तरी मराठी महिन्यांची संगणकीय यादी करताना आपण जानेवारी ते डिसेंबर आणि फार तर चैत्र ते फाल्गुन एवढ्यावर थांबतो. मोडी कागदांतील शुहूर सनाचे इहिदे, इसन्ने, सलास हे आकडे तर कोणाच्या गावीही नसतात. बिदर, कलबुर्गी, आदिलाबादकडील मराठी घरांतही असे कागद असतील.

मुलाने आता नियम बदलला आहे. मूळ तारीख अक्षरशः जशीच्या तशी एका रकान्यात राहते. शेजारी ‘फसली’, ‘शके’ किंवा ‘इसवी’ ही गणना लिहिल्याशिवाय आज्ञावली रूपांतर करीतच नाही. खुर्दाद, खुरदाद, खोरदाद ही तिन्ही लेखने त्याने एकाच महिन्याखाली नोंदवली आहेत. आजोबांची नक्कल काल परत नांदेडला रवाना झाली.