तेरेखोलच्या दोन तीरांवर

आमच्या घरी एक वंशावळ आहे. आजोबांनी ती जुन्या मोडी कागदावरून बाळबोध अक्षरात उतरवली. सात पिढ्यांचे पुरुष तीत ओळीने उभे आहेत. स्त्री एकही नाही. आमची आजी पेडणे महालातली. लग्न होऊन ती तेरेखोल नदी ओलांडून आरोंद्यास आली, एवढेच आम्हांस ठाऊक होते. रीतीप्रमाणे लग्नात तिचे नाव बदलले, आणि जन्मनाव सांगणारे कोणी घरात उरले नाही. ते शोधावे म्हणून गेल्या वैशाखात आम्ही पेडणे व डिचोली हे दोन तालुके हिंडलो. परप्रांती स्थिरावलेल्या आपल्या अनेक घरांची मुळे अशाच एखाद्या विसरलेल्या माहेरी गुंतलेली असतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा. या मुलखावर पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. तिसवाडी, बारदेश व सासष्टी पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच घेतली. डिचोली आणि पेडणे त्यांच्याकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे 1788 मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. त्यामुळे येथली देवळे टिकली, गावऱ्हाटी टिकली, आणि उत्तरेकडच्या गावांशी चालत आलेला रोटीबेटीव्यवहारही टिकला. राज्याची हद्द नदीवर येऊन थांबली. सोयरीक थांबली नाही. पावसाळ्यात सरद आणि पुढे वायंगण भातशेती करणाऱ्या या कुटुंबांना लेक अर्ध्या दिवसाच्या वाटेवर दिलेली बरी वाटे. लावणीला माणसे मिळत, चतुर्थीला लेक माहेरी येई. मामेबहीण करून घेण्याच्या चालीने तीच घरे पिढ्यान् पिढ्या एकमेकांत विणली गेली.

ही वीण उलगडणे सोपे नव्हे. आडनावावर विसंबावे, तर मांद्रेकर, हरमलकर, मोरजकर, मयेकर ही नावे सहसा गाव सोडलेल्यालाच चिकटतात. मूळ गावात त्यांवरून घर सापडत नाही. दप्तराकडे वळावे, तर ते पोर्तुगीज. त्या भाषेत 'के' हे अक्षर जवळजवळ वापरातच नसे. म्हणून केरकर शोधावा 'क्यू'खाली आणि कामत 'सी'खाली. परंतु या कागदांचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यास 1870 साली लागू झाली, आणि तिच्यान्वये मुलांप्रमाणे मुलीही वारस ठरल्या. घरच्या कर्त्या माणसामागे मिळकतीची वाटणी व्हायची, तर तिच्या कागदात लेकींची आणि जावयांचीही नावे लिहावी लागत. घरच्या वंशावळीने जी नावे गाळली, ती परक्या दप्तराने राखली.

म्हणून त्या राजवटीचे गोडवे गावेत असे मात्र नाही. 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारी ती हीच. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली, आणि 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त होईपर्यंत नदीच्या दोन तीरांवरची नाती अधांतरी राहिली. आजीचे वडील याच काळात वारले. निरोप चार दिवस उशिरा पोहोचला. आरोंद्याच्या काठावरून पैलतीरीचे माड स्पष्ट दिसत. पण होडी बंद होती. आजीने नदीवरच आंघोळ केली, पैलतीराकडे हात जोडले आणि ती घरी परतली, असे आमचे वडील सांगत.

आम्ही मात्र किरणपाणीच्या पुलावरून काही मिनिटांत पलीकडे पोहोचलो. तीन गावांत विचारपूस केल्यावर आजीच्या भावाचे घर मिळाले. तिचा भाचा, आमचे काका, आता ऐंशी ओलांडलेले. ओळख सांगताच ओसरीवर शांतता पसरली. "वाटो मागूक इलस काय रे?" त्यांनी विचारले. प्रश्न कडू असला तरी अकारण नव्हता. मोपा येथील विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्यातील जमिनीचे भाव चढले आहेत. विसरलेली नाती अचानक आठवू लागली आहेत, ती पुष्कळदा खरेदीखतावरील सहीपुरती. आम्ही म्हटले, "काका, आम्हांला फक्त आजीचे नाव हवे आहे."

बराच वेळाने त्यांनी पेटी उघडली. वाटणीच्या कागदात आजी होती: जन्मनावाने, नवऱ्याच्या नावासह, आणि पुढे शेरा 'गैरहजर'. तिच्या वाट्याला एक वायंगणी कुणगा आला होता. तो तिच्या भावाने कसला, पुढे काकांनी. नाव होते मुळगावच्या केळबाई देवीचे. "तिची आई मुळगावची," काका म्हणाले.

म्हणून आम्ही डिचोली तालुक्यात मुळगावास गेलो. तेथील लोककथा सर्वांस ठाऊक आहे: शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, पेडण्यातील मोरजीची मोरजाई या सख्ख्या बहिणी. त्यांतली एक, मिराबाई, म्हापशास 'मिलाग्रिस सायबीण' झाली. तरी तिचे आणि लईराईचे देणेघेणे आजही चालते. ज्या मुलखात देवसुद्धा बहिणींच्या नात्याने बांधलेले आहेत, तेथे माणसांनी आपल्या वंशावळीतून बहिणी का गाळाव्या? मुळगावची लेक पेडण्यास आली, तिची लेक आरोंद्यास. प्रत्येकीने नवे नाव घेतले, आणि जुने मागे राहिले.

निरोप घेताना काका म्हणाले, "कधीतरी तुझी सही लागतली." आम्ही म्हणालो, "बोलवा, येऊ. कुणगा तुमचाच."

घरी येऊन आम्ही वंशावळीत आजोबांच्या नावाशेजारी आजीची दोन्ही नावे लिहिली आणि खाली मुळगाव. वाचकांस एवढीच विनंती: घरात जी वृद्ध माणसे आहेत त्यांना आजच बसून विचारा. आई, आजी, पणजी, प्रत्येकीचे जन्मनाव, गाव आणि देवी लिहून ठेवा. सही मागायला कोणी येण्यापूर्वी ती ओळख आपल्यापाशी असलेली बरी.