टिटवी आणि बेशरम

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. उर्दूत स्वतःला ‘हम’ म्हणायची सवय, म्हणून मराठीतही ‘आम्ही’च येते. राहायला नागपूरच्या दक्षिणेला, बेसा येथे.

घरासमोर एक रिकामा प्लॉट होता. पावसाळ्यात तिथे डबके साचायचे, उन्हाळ्यात नुसता मुरूम. कडेला बेशरमची झुडपे, मध्ये टिटवीचे जोडपे. पिवळ्या लांब पायांनी टिटवी चिखलातून अशी चालायची, जणू सात-बारा तिच्याच नावावर आहे.

टिटवी इथलीच. बेशरम दक्षिण अमेरिकेतून आलेली. रताळ्याच्या गोत्यातली, पण इतकी विषारी की शेळ्यांनी चरली तर आजारी पडतात. नाव मात्र तिला आपल्या फारसी-उर्दूने दिले, आणि ते मराठीचेही झाले. जांभळट गुलाबी फुले कितीही फुलोत, कोणी तोडून घरी नेत नाही.

वर्गात आम्ही टिटवीचे गुण गायचो. उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची चार अंडी घालते, नर-मादी आळीपाळीने चार आठवडे उबवतात, माणूस जवळ आला की ओरडून अंगावर येतात. आणि बेशरम ही आमची शिवी. सकाळी वडिलांबरोबर हातगाडी लावून रोज उशिरा येणाऱ्या एका मुलाला आम्ही तीच द्यायचो. तो मान खाली घालून शेवटच्या बाकावर बसायचा.

एका एप्रिलमध्ये प्लॉटवर मुरमाचा टिप्पर आला. टिटवी त्याच्याभोवती ओरडत फिरली. अंडी कुठे आहेत हे आम्हाला ठाऊक होते. खाली उतरून ‘दादा, जरा बाजूला टाका’ एवढेच म्हणायचे होते. आम्ही खिडकीत उभे राहिलो. दुसऱ्याच्या प्लॉटवर आपण कोण बोलणार, असे मनाला समजावले. संध्याकाळपर्यंत टिटवीही गप्प झाली.

बेशरम त्याच दिवशी तोडली गेली. पावसाळ्यात तिच्या फेकलेल्या कांड्यांना मुळे फुटली. वर्गात हे सांगितले, तर तोच मुलगा मागून म्हणाला, “सर, बेशरम को काटो तो और उगती है.”

वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. टिटवीला ओरडता येत होते, तिची जागा गेली. बेशरमला आवाज नाही, पण ती परत आली. आवाज असून गप्प राहिलो ते आम्हीच. मग ते नाव खरे कोणाचे?

त्या मुलाला ती शिवी आम्ही पुन्हा दिली नाही. तो अजून उशिरा येतो, पण येतो. हजेरीत त्याचे नाव आम्ही आता शेवटी घेतो.